ट्रॅक्टरमागे अडीच टनांचा कॉम्प्रेसर : जोडणी, वजनाचा तोल आणि घाटाचा उतार

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन चाकांच्या ट्रेलरवर बसवलेला, सामानासह सुमारे २,५०० किलो भरणारा एअर कॉम्प्रेसर ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरने कराडहून कुंभार्ली घाटमार्गे चिपळूणजवळच्या कामावर न्यायचा आहे. वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर गेला की ट्रेलर मागून हेलकावे घेतो. ट्रॅक्टरच्या मागे अवजारे जोडायचे जे दांडे (लिंका) असतात, त्यांतल्या खालच्या दोन लिंकांमध्ये बसणाऱ्या भोकांच्या आडव्या पट्टीला ट्रेलर जोडला जातो आणि पिनेच्या जागी जाड सळईचा तुकडा घातला जातो. जॅकहॅमर, ड्रिल रॉड आणि होस हे सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाच्या फळीवर बांधलेले असते. असा ट्रेलर सुरक्षित कसा जोडावा आणि कसा न्यावा, हे आपण विचारले आहे.

माझे उत्तर दोन भागांत आहे. जोडणी दुरुस्त करून आणि वजनाचा तोल साधून हा ट्रेलर सपाट रस्त्यावर, म्हणजे कराड, मल्हारपेठ, पाटण या पट्ट्यात, सावकाश वेगाने नेता येईल. घाट मात्र या जोडीने उतरू नये. ट्रेलरला स्वतःचे चालू ब्रेक नसतील, तर कॉम्प्रेसर ट्रकवर चढवूनच घाटाखाली न्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्रक करायचाच असेल, तर तो कराडमध्येच भरावा; क्रेन तिथे सहज मिळते आणि घाटमाथ्यावर हेळवाकला येऊन माल बदलण्याची खटपट वाचते.

हे मत कशावर आधारलेले आहे, ते आधी सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. अवजड ट्रेलर न्यायचा म्हटले की पहिला प्रश्न विचारला जातो तो ट्रॅक्टर ओढेल का, हा. आणि ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर अडीच टन सहज ओढतो, याचा अनुभव आपल्याकडे प्रत्येकाला असल्यामुळे विचार तिथेच थांबतो. विचारायला हवे ते हे की, ट्रॅक्टर हा भार थांबवेल का आणि उतारावर धरून ठेवेल का. या वर्गातल्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन टनांच्या आसपास असते आणि साध्या टू-व्हील-ड्राइव्ह (इंजिनाने फक्त मागची दोन चाके फिरणाऱ्या) ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. मागच्या चाकांवर जेवढे वजन, तेवढीच त्यांची रस्त्यावरची पकड. त्या पकडीवर ट्रॅक्टरचे दोन टन आणि ट्रेलरचे अडीच टन, असे साडेचार टन थांबवायचे असतात. काही ट्रॅक्टरांच्या वापरपुस्तिकांत ब्रेक नसलेल्या ट्रेलरबाबत मर्यादा दिलेली असते : ट्रेलरचे वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीहून जास्त नसावे आणि वेग ताशी ३२ किलोमीटरच्या वर जाऊ नये. आपली जोडी सव्वापटीची आहे, म्हणजे कागदावर मर्यादेच्या आत आहे; परंतु त्याच पुस्तिका उतारावर, ओल्या रस्त्यावर आणि खडीवर भार व वेग दोन्ही आणखी कमी ठेवायला सांगतात.

आता घाटाचा हिशेब पाहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांत डोंगराळ भागातल्या रस्त्यासाठी ५ टक्के चढ ही नेहमीची मर्यादा आणि ७ टक्के ही अपवादात्मक मर्यादा धरलेली आहे; जुन्या घाटांतली काही वळणे याहूनही तीव्र असतात. ६ टक्के उतारावर अडीच टनांचा ट्रेलर ट्रॅक्टरला मागून सुमारे १५० किलोच्या बळाने ढकलत असतो आणि ट्रॅक्टरचा स्वतःचा भार धरला, तर ब्रेक व इंजिन यांना मिळून २७० किलोंचे बळ सतत पेलावे लागते. साडेचार टनांची जोडी १०० मीटर उंची उतरते, तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिने सुमारे १५ लिटर पाणी उकळेल. आणि घाटात अशी १०० मीटरची उतरण एकामागून एक येत राहते. ही सगळी उष्णता मागच्या दोन ब्रेकांवर टाकली, तर ते तापून त्यांची पकड कमी होते आणि नेमक्या अरुंद वळणावर पेडल दाबूनही गाडी हवी तशी आवरत नाही. वळणावर आणखी एक धोका असतो. ट्रॅक्टर वळलेला आणि ट्रेलर अजून सरळ, अशा स्थितीत ट्रेलरचा रेटा ट्रॅक्टरच्या मागच्या भागाला तिरका बसतो, मागची चाके बाजूला सरकतात आणि ट्रॅक्टर ट्रेलरवर दुमडला जातो. पावसाळ्यात, रस्त्यावर लाल मातीचा चिखल आलेला असताना, हे व्हायला फारसा वेगही लागत नाही.

आता हेलकाव्यांकडे येऊ, कारण ती तक्रार ऐकताच कारणाचा बराचसा अंदाज येतो. दोन चाकांच्या ट्रेलरमध्ये वजनाचा मध्य आसाच्या (चाकांच्या ॲक्सलच्या) थोडा पुढे असावा लागतो, म्हणजे ट्रेलरच्या दांड्याचे टोक ट्रॅक्टरच्या हुकावर खाली दाबलेले राहते. हा दाब पुरेसा असला की ट्रेलर सरळ मागे येतो. तो कमी झाला, किंवा त्याहून वाईट म्हणजे उलटा होऊन टोक वर उचलू लागले, की खड्ड्याचा, वाऱ्याचा किंवा सुकाणूचा लहानसा धक्काही मागचे टोक डावी-उजवीकडे झुलवतो आणि वेग वाढेल तसा हा झोला मोठा होत जातो. कंपनीने कॉम्प्रेसर बसवताना हा तोल साधलेला असतो. तो बिघडतो आपण नंतर चढवलेल्या सामानामुळे. आपले रॉड, जॅकहॅमर आणि होस मिळून १५० किलो आहेत, ते आसाच्या दीड मीटर मागे बांधलेले आहेत आणि दांड्याचे टोक आसाच्या २.८ मीटर पुढे आहे, असे धरू. १५० गुणिले १.५ भागिले २.८, म्हणजे फक्त या सामानामुळे हुकावरचा दाब सुमारे ८० किलोंनी कमी होतो.

नुसत्या अंदाजावर राहू नये. हा दाब मोजता येतो आणि त्याला फार खर्चही नाही. कोणत्याही वजनकाट्यावर जावे. ट्रेलर ट्रॅक्टरला जोडलेला असताना फक्त ट्रेलरची चाके काट्याच्या फलाटावर घेऊन एक वजन करावे. मग ट्रेलर सोडून, जॅकवर समतल उभा करून, संपूर्ण ट्रेलरचे वजन करावे. दोन्हींतला फरक म्हणजे हुकावरचा दाब. समजा, पूर्ण वजन २,५०० आणि नुसत्या चाकांवरचे २,४२० आले, तर दाब फक्त ८० किलो, म्हणजे जेमतेम ३ टक्के आहे आणि हेलकाव्यांचे कारण सापडले. काटा जवळ नसेल, तर माणसांच्या वजनाच्या यंत्रावरही काम भागते. चाकांना पाचर लावून, मजबूत फळीचे एक टोक विटेवर आणि दुसरे वजनयंत्रावर ठेवावे. दोन आधारांमध्ये ९० सेंटीमीटर अंतर असेल, तर दांड्याचा भार विटेपासून ३० सेंटीमीटरवर टेकवावा. यंत्र भाराचा तिसरा हिस्सा दाखवते. त्यातून रिकाम्या फळीचा आकडा वजा करून तिप्पट करावी. आपल्यासारख्या ट्रेलरला हा दाब एकूण वजनाच्या ७ ते १० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पावणेदोनशे ते अडीचशे किलो, असला की तो सहसा सरळ चालतो. वरची मर्यादा मात्र कॉम्प्रेसरच्या पाटीवर आणि ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत ड्रॉबारवरच्या (ट्रॅक्टरच्या ओढण्याच्या दांड्यावरच्या) उभ्या भाराचा जो आकडा दिलेला असेल, तीच मानावी, कारण हुकावर फार दाब आला की ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू नीट धरत नाही. मागचे सामान सरळ दुसऱ्या गाडीने पाठवावे, हे उत्तम. तसे शक्य नसेल आणि दांड्याच्या बाजूला सामानाची कंपनीनेच दिलेली पेटी असेल, तर ते आसाच्या एक मीटर पुढे नेल्याने वरच्या उदाहरणातला दाब ८० वरून दोनशेच्या थोडा वर जातो. 

हेलकाव्यांचे दुसरे कारण आपल्या जोडणीतच आहे. भोकांची आडवी पट्टी नांगर-रोटाव्हेटरच्या लिंकांवर बसते आणि त्या लिंकांना आडवी हालचाल असते. बाजूच्या साखळ्या किंवा आवळणीचे दांडे सैल असतील, तर ट्रेलर लिंकांनाच डावी-उजवीकडे ओढतो. शिवाय या पट्टीची उंची हायड्रॉलिकवर अवलंबून असते. लिव्हरला धक्का लागला किंवा दाब गळाला, तर चालत्या गाडीत हुक खाली-वर होतो. रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगला (गिअर व आस झाकणाऱ्या लोखंडी कवचाला) बोल्टने पक्का बसवलेला ट्रॉलीचा हुक किंवा ट्रॅक्टरच्या पोटाखालून येणारा पक्का ड्रॉबार वापरावा आणि हे बोल्टही प्रवासापूर्वी पान्याने तपासावेत. हुकाची उंची अशी निवडावी की जोडल्यावर ट्रेलरचा दांडा समतल राहील. टोक वर राहिले, तर ट्रेलर मागे कलतो आणि आत्ताच साधलेला वजनाचा तोल पुन्हा मागे सरकतो.

जोडणीची एक जागा कोणत्याही परिस्थितीत वापरायची नाही, ती म्हणजे वरच्या तिसऱ्या लिंकेची. चिखलात रुतलेला ट्रेलर काढताना साखळी वर बांधली की ओढ चांगली बसते, असा समज काही ठिकाणी आहे आणि तो जिवावर बेतणारा आहे. ओढीचा बिंदू मागच्या आसाच्या मध्यापेक्षा वर गेला की ट्रेलर अडल्यावर ट्रॅक्टर स्वतःच्याच मागच्या चाकांभोवती फिरून पुढून उचलला जातो. क्लचवरून पाय सुटल्यापासून ट्रॅक्टर पाठीवर पडेपर्यंत चालकाला विचार करायलाही वेळ मिळत नाही. ओढ नेहमी खालूनच, पक्क्या ड्रॉबारवरूनच असावी.

सळईच्या तुकड्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण या संपूर्ण जोडीतला तो सर्वांत कच्चा दुवा आहे आणि तो बदलायला सर्वांत कमी पैसे लागतात. बांधकामाची सळई काँक्रीटमध्ये ताण घेण्यासाठी केलेली असते. तिच्या अंगावरच्या कंगोऱ्यांमुळे ती भोकात सर्व बाजूंनी टेकत नाही, ठरावीक जागी घासून खाचा पडतात आणि त्या खाचेतच ती वाकते किंवा तुटते. तिला डोके नसल्यामुळे ती वर-खाली सरकते आणि खाली क्लिप लावायला भोकही नसते. बांधकामावरच्या यंत्रांच्या ट्रेलरला बऱ्याचदा मोठ्या व्यासाचे लोखंडी कडे असते. त्यात बारीक पिन घातली की उरलेली मोकळी जागा प्रत्येक वेळी गिअर बदलताना आणि ब्रेक लावताना धक्क्यात बदलते; ५० मिलिमीटरच्या कड्यात ३० मिलिमीटरची पिन म्हणजे प्रत्येक धक्क्याला अडीच टनांचा ट्रेलर २० मिलिमीटर धावून पिनेवर आदळतो. त्या कड्याला साजेसा, झाकण बंद होणारा आणि झाकणावर कुलूपपिन लागणारा हुक मिळतो, तो बसवावा. किंवा ट्रॅक्टरच्या हुकाला व ट्रेलरच्या कड्याला, दोन्हींना, बेताची बसणारी, डोके असलेली, कठीण पोलादाची तयार पिन घ्यावी. पिन हुकाच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही जबड्यांतून आरपार गेली पाहिजे. ती फक्त एका पट्टीत अडकलेली असेल, तर तिच्यावर कातरण्याबरोबर वाकवणारे बळही येते. खाली निसटून पडणार नाही अशी स्प्रिंगची क्लिप लावावी. तारेचा पीळ किंवा वाकवलेला खिळा त्या जागी चालत नाही. नट-बोल्ट हाही पिनेला पर्याय नाही, कारण त्याचे आटे नेमके भार येतो त्या जागी असतात आणि तिथूनच तो तुटतो.

जुनी पिन टाकून देण्याची वेळ कधी आली, हे बघायलाही सोपे आहे. ती पुसून उजेडात आडवी धरावी आणि बोटाचे नख तिच्या अंगावरून फिरवावे : ज्या उंचीवर कडे घासते, तिथे नख अडकेल अशी चकचकीत पायरी लागली किंवा पिन सपाट फरशीवर सरळ लोळत नसेल, तर ती बदलावी. कड्याचेही तसेच. ते पुढच्या अंगाला, म्हणजे ओढ येते त्या बाजूला, झिजून लांबट झालेले दिसते आणि दांड्याला ते जिथे वेल्ड केलेले असते, तिथे रंगाखालून केसासारखी तांबूस रेघ दिसत असेल, तर ती तडा गेल्याची खूण आहे. त्यावर नुसता वेल्डिंगचा थर चढवून पुढे जाऊ नये. ते कडे कापून नवे बसवावे आणि हे काम दांड्याच्या पोलादाची माहिती असलेल्या कारागिराकडूनच करवावे.

पिन कितीही चांगली असली, तरी सुरक्षा साखळ्या लावाव्याच लागतात. त्या दोन असाव्यात, प्रत्येकीची ताकद ट्रेलरचे पूर्ण वजन पेलण्याइतकी असावी आणि त्या दांड्याखाली एकमेकींना छेद देऊन बांधाव्यात, म्हणजे जोडणी सुटली तर दांड्याचे टोक रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडते. वळताना ताणल्या जाणार नाहीत इतपत सैल आणि जमिनीला घासणार नाहीत इतपत आखूड, अशी त्यांची लांबी ठरवावी. साखळ्या हुकाच्या त्याच पिनेत अडकवणे, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहतो. पिन गेली की साखळ्याही गेल्या, म्हणून त्यांना ट्रॅक्टरच्या सांगाड्यावर स्वतंत्र जागा हवी.

प्रत्यक्ष जोडताना सर्वांत जास्त दुखापती होतात त्या हाताच्या बोटांना आणि ट्रॅक्टर-ट्रेलरच्या मध्ये उभ्या राहिलेल्या मदतनिसाला. म्हणून क्रम ठरवून घ्यावा. ट्रेलरच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून पाचर किंवा चांगला दगड लावलेला असावा आणि जॅकने दांडा हुकाच्या उंचीला आणलेला असावा. ट्रॅक्टर मागे घेताना इशारा एकाच माणसाने द्यावा. तो चाकाच्या बाहेरच्या बाजूला, चालकाला पूर्ण दिसेल असा उभा राहावा आणि तो दिसेनासा झाला की चालकाने थांबावे. हुक कड्यापासून हातभर अंतरावर आला की ट्रॅक्टर थांबवावा. पुढचे अंतर इंच-इंच मागे येत, मध्ये कोणीही नसताना, काटावे. भोके जुळली की नाही हे बोट घालून बघू नये, सब्बलीचे टोक घालून बघावे. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि इंजिन बंद झाल्यावरच मदतनिसाने मध्ये जाऊन पिन आणि क्लिप घालावी, मग साखळ्या, मग दिव्यांची वायर, मग जॅक पूर्ण वर घेऊन त्याची खीळ लावावी. जॅक अर्धवट खाली राहिला, तर पहिल्याच गतिरोधकावर तो मोडतो. शेवटी चाकांचे दगड तसेच ठेवून ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये किंचित पुढे घ्यावा. जोडणी ताणली जाऊन पिन जागेवर बसली, हे डोळ्यांनी पाहावे आणि मगच दगड काढावेत.

ट्रेलरच्या स्वतःच्या तब्येतीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, कारण हे यंत्र वर्षातले कित्येक महिने एकाच जागी उभे असते. टायरची नक्षी नवी दिसते, पण रबर उन्हाने वाळलेले असते. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसल्या, तर नक्षी कितीही खोल असो, तो टायर रस्त्यावर आणू नये. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे त्याचे वय सांगतात. २२१९ असे लिहिलेले असेल, तर तो २०१९ सालच्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. हवा दोन्ही बाजूंना सारखी आणि टायरवर दिलेल्या दाबाइतकी असावी. कमी हवेचा टायर तापतो आणि हेलकाव्यांनाही हातभार लावतो. प्रत्येक चाक उचलून, वर आणि खाली धरून हलवावे. खडखड जाणवली तर बेरिंग ढिले आहे. हब (चाकाचा बेरिंग असलेला मध्यभाग) उघडून जुने ग्रीस पुसून नवे भरणे हे काम अशा मोठ्या प्रवासापूर्वी करून घ्यावेच. चाकांचे नट आवळल्यावर प्रत्येक नटावरून चाकापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी, म्हणजे नट फिरला की रेघ तुटलेली लांबूनही दिसते.

आपल्या ट्रेलरला ब्रेक आहेत की नाहीत, हे प्रश्नात आलेले नाही. बऱ्याच कॉम्प्रेसरांना फक्त उभे राहण्यासाठी हँडब्रेक असतो. काहींना दांड्यातच सरकणारा दट्ट्या असतो. ट्रॅक्टर मंदावला की ट्रेलर पुढे रेटतो, दट्ट्या आत जातो आणि त्याच बळाने ट्रेलरचे ब्रेक लागतात. असा दट्ट्या असेल, तर तो गंजून अडकलेला नाही ना, रबरी पिशवी फाटून आत माती गेलेली नाही ना, हे पाहावे आणि ग्रीस भरून घ्यावे. तपासणीसाठी ट्रेलरचा हँडब्रेक पूर्ण ओढून ट्रॅक्टर अगदी हळू पुढे घ्यावा. दोन्ही चाकांनी सारखाच विरोध करायला हवा. जोडणी सुटल्यास ब्रेक आपोआप ओढणारी तार असेल, तर ती ट्रॅक्टरच्या सांगाड्याला बांधावी, पिनेला नव्हे. निघताना हँडब्रेक सोडल्याची खात्री करावी. अर्धवट ओढलेला ब्रेक ड्रमबरोबर बेरिंगचे ग्रीसही जाळतो.

कॉम्प्रेसर निघण्यापूर्वी बंद असावा, हवेच्या टाकीतला दाब पूर्ण सोडलेला असावा, दारे कड्यांनी बंद आणि होस खाली लोंबणार नाहीत असे गुंडाळलेले असावेत. ट्रेलरवर, दांड्यावर किंवा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर माणूस बसवू नये. पहिल्या मोठ्या धक्क्याला तो नेमका चाकासमोर पडतो.

रस्त्यावर येण्यापूर्वी ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल कडीने एकत्र जोडावेत. शेतात वळण घेण्यासाठी ही कडी काढलेली असते आणि तशीच राहून जाते. मग रस्त्यावर घाईत एकाच पेडलावर पाय पडला की एकच चाक धरते आणि मागे अडीच टन असताना ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो. पहिले चार-पाच किलोमीटर झाल्यावर थांबून पिन, क्लिप, साखळ्या आणि नटांच्या रेघा पाहाव्यात, हबजवळ हाताचा पंजा धरून दोन्ही बाजूंची उष्णता ताडावी. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे तापलेला असेल, तर तिथेच थांबून कारण शोधावे. ब्रेक नसलेल्या या ट्रेलरसाठी सपाट रस्त्यावरही ताशी २० किलोमीटर हा वेग मला योग्य वाटतो. २५ ऐवजी ४० ने गेल्यास थांबवायची ऊर्जा अडीचपटीहून अधिक होते आणि त्या बदल्यात कराड ते पाटण या टप्प्यात फार थोडा वेळ वाचतो. हेलकावे सुरू झालेच, तर ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा आणि सुकाणू सरळ धरून ठेवावे. जोरात ब्रेक दाबणे किंवा झोल्याच्या उलट सुकाणू फिरवणे यांनी तो वाढतो.

ट्रेलरचे ब्रेक उत्तम चालू आहेत आणि तरीही घाट ट्रॅक्टरनेच उतरायचा आहे, अशी वेळ आली, तर दिवसा, कोरड्या रस्त्यावर आणि धुके नसतानाच निघावे. माथ्यावर पूर्ण थांबून खालचा गिअर निवडावा. ज्या गिअरमध्ये हा भार घेऊन तोच चढ चढता येईल, त्याहून वरचा गिअर उतारासाठी घेऊ नये. पायथ्याला पोफळीपर्यंत तो बदलू नये, क्लच दाबू नये आणि न्यूट्रलचा तर विचारही करू नये, कारण उतारावर एकदा सुटलेला गिअर या भाराखाली परत पडत नाही. ब्रेक सतत टेकवून न ठेवता ठरावीक अंतराने ठामपणे दाबून सोडावा. जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबावे, चाकांना दगड लावावेत आणि ब्रेक आपोआप निवू द्यावेत. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतल्यास त्याला तडा जाऊ शकतो. मागे दिवे लावलेली एक गाडी सोबत ठेवावी.

ट्रकवर चढवायचे ठरले, तर कॉम्प्रेसरच्या माथ्यावर उचलण्यासाठी दिलेल्या कड्यातूनच उचलावा. दांडा किंवा आस यांना पट्टा लावून उचलल्यास तो हवेत कलतो. ट्रकवर ठेवल्यावर चाकांना पाचरी ठोकून चारही कोपऱ्यांतून साखळ्यांनी आवळावा आणि दांड्याखाली लाकडी ठोकळा द्यावा.

कायद्याच्या बाबी थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक ट्रेलरच्या मागेही दिसावा लागतो. मागे लाल, बाजूंना पिवळ्या आणि पुढे पांढऱ्या परावर्तक पट्ट्या लावाव्यात आणि मागचे दिवे चालू असावेत. ऊस हंगामात या रस्त्यांवर रात्री उभ्या ट्रॉल्यांना मागून धडका बसतात. अंधार पडण्यापूर्वी ट्रेलर रस्त्याबाहेर नेऊन उभा करावा, हे मी आग्रहाने सांगतो. विमा पॉलिसीत ट्रेलरची नोंद आहे का, तेही पाहून घ्यावे.

कामावर पोहोचल्यावर ट्रेलर सोडताना क्रम उलटा, पण सुरुवात पुन्हा दगडांनीच. आधी चाकांना दगड, मग हँडब्रेक, मग जॅक खाली घेऊन त्याच्या पायाखाली फळी. चिपळूणच्या बाजूच्या मऊ, ओल्या जमिनीत फळीशिवाय जॅकचा पाय रुततो. मागच्या बाजूचे टेकू असतील, तर पिन काढण्यापूर्वीच ते खाली घ्यावेत. पिन सैल झाल्याशिवाय, म्हणजे दांड्याचा भार जॅकवर आल्याशिवाय, ती हातोडीने ठोकून काढू नये. पिन अडकलेली असेल आणि दांडा हुकावर खाली दाबण्याऐवजी हुकाला वर ओढत आहे असे दिसले, तर ट्रेलर मागे जड झालेला आहे. अशा वेळी पिन काढताक्षणी दांडा उसळून समोर वाकलेल्या माणसाच्या तोंडावर येतो, म्हणून आधी मागचे सामान उतरवावे किंवा मागे टेकू द्यावा आणि पिन काढणाऱ्याने दांड्याच्या वर न वाकता बाजूला उभे राहावे. साखळ्या आणि दिव्यांची वायर सोडून झाल्यावरच ट्रॅक्टर पुढे घ्यावा.

आपण खरेदीची सुरुवात कुठून करावी, हेही विचारले होते. डोके असलेली योग्य मापाची पिन व क्लिप, दोन साखळ्या आणि वजनकाट्याच्या दोन पावत्या, याच क्रमाने घ्यावे. काट्यावरचे दोन्ही आकडे आणि ट्रेलरच्या दांड्यावरची कंपनीची पाटी यांची माहिती कळवल्यास हुकावरचा दाब नेमका किती असावा आणि कोणता हुक त्या कड्याला बसेल, हे मी अधिक खात्रीने सांगू शकेन.